स्वस्त ताट आणि शुद्ध ताट

शाकाहाराच्या समर्थनार्थ आपल्या सुशिक्षित कुटुंबांत बहुधा दोन कारणें सांगितलीं जातात. एक असें कीं, त्यानें जीवहत्या टळते. दुसरें असें कीं, त्यानें पैसा वांचतो. हीं दोन कारणें इतक्या सहजतेनें एका दमांत उच्चारलीं जातात कीं, तीं सख्खीं भावंडें असावींत असें ऐकणारास वाटावें. वस्तुतः त्यांचें गोत्र निराळें आहे. पहिलें कारण त्यागाचें, दुसरें लाभाचें. आणि ज्या कृत्यांत त्याग व लाभ एकाच ताटांत वाढून येतात, त्या कृत्याकडे विचारी मनुष्यानें थोडें संशयानेंच पाहिलें पाहिजे. कांट या जर्मन तत्त्ववेत्त्यानें १७८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथांत एका दुकानदाराचें उदाहरण घेतलें आहे. हा दुकानदार अजाण गिऱ्हाइकाला फसवीत नाहीं, लहान मुलालाहि मोठ्यांचाच भाव सांगतो. परंतु त्यामुळें त्याचें दुकानहि चांगलें चालतें. मग त्याच्या सचोटीला धर्मबुद्धि म्हणावें कीं धंद्याची अक्कल? कांटचें उत्तर कडक आहे, आणि तें जसेंच्या तसें स्वीकारण्याची आमची तयारी नाहीं. लाभ झाला म्हणून पुण्य बाटतें असें आम्ही मानीत नाहीं. तथापि त्या दुकानदाराला जो प्रश्न विचारला गेला, तो आपल्या वरणभातालाहि कधीं तरी विचारला जावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.

हा प्रश्न शहरांतल्या दिवाणखान्यांत बसून सोडवूं गेलें तर उत्तर फार लवकर हातीं येतें आणि म्हणूनच तें संशयास्पद असतें. त्याऐवजीं नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोंकाच्या नरखेड तालुक्याकडे पाहूं. एका अंगाला वर्धा नदी आणि तिच्यापलीकडे अमरावती जिल्ह्यांतील वरूड, दुसऱ्या अंगाला मध्यप्रदेशांतील पांढुर्णा, दक्षिणेकडे काटोल. मधून नागपूर-इटारसीचा लोहमार्ग गेलेला. नरखेड, मोवाड, जलालखेडा, सावरगांव हीं तालुक्यांतील ठळक गांवें. काटोल-नरखेडचें नांव बाहेर ऐकूं येतें तें संत्र्यांमुळें; पण संत्र्यांवर कोणाचें पोट भरत नाहीं. पोट भरतें तें ज्वारी, गहूं आणि तूर यांवर. तूर येथें बहुधा स्वतंत्र संसार मांडीत नाहीं. कपाशीच्या अथवा सोयाबीनच्या ओळींमधून तिचें एखादें तास टाकलेलें असतें, आणि मुख्य पिकाची काळजी वाहतां वाहतां जें काय पदरीं पडेल त्यावर शेतकऱ्याच्या घरचें वर्षाचें वरण शिजतें.

या तालुक्यांतील सामान्य घराचें रोजचें जेवण पाहिलें, तर तें आठवड्यांतील बहुतेक दिवस शुद्ध शाकाहारी असतें. भाकर, तुरीचें वरण, अंबाडीची भाजी, झुणका, ठेचा. हिवाळ्यांत हरभऱ्याचा कोंवळा पाला व तुरीचे ओले सोले. भाजी महागली कीं उन्हाळ्यांत वाळवून ठेवलेल्या वड्या आणि सांडगे. मटणाचा रस्सा शिजतो तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं करीला, होळीनंतर, पाहुणे आले तर, किंवा मजुरीचा आठवडा बरा गेला तर. म्हणजे महिन्यांतील बहुतेक दिवस हीं माणसें तेंच खातात, जें खाल्ल्याबद्दल शहरांतला व्रतस्थ गृहस्थ स्वतःस धन्य समजतो. मग त्या कापूस वेंचणाऱ्या बाईला या गृहस्थाइतकेंच पुण्य लागतें काय? लागत असेल तर पुण्य फार स्वस्त झालें. आणि लागत नसेल तर त्याचें कारण सांगावें लागेल. कारण उघड आहे. जें घेण्याची ऐपतच नव्हती, तें न घेणें हा त्याग नव्हे. निवड करण्याची शक्ति ज्याच्या हातीं आहे, त्याच्याच आहाराला नैतिक म्हणतां येतें अथवा अनैतिक म्हणतां येतें. उपाशी माणसाच्या एकादशीला व्रत म्हणणें ही त्याची थट्टा होय.

येथें कोणी म्हणेल कीं, निवडीची शक्ति असणाऱ्यानें तरी शाकाहार स्वीकारून पैसा वांचवावा, यांत वाईट काय आहे? वाईट कांहींच नाहीं. खुद्द गांधीजींचें लंडनमधील विद्यार्थीजीवन याचेंच उदाहरण आहे. १८८८ सालीं ते विलायतेस गेले तेव्हां मांसाहार न करण्याची शपथ त्यांनीं आईला दिलेली होती. पण त्या वेळीं त्यांचें मत मांसाहाराच्या बाजूचेंच होतें, आणि पुढें-मागें सर्व हिंदी लोकांनीं मांस खाऊन बलवान व्हावें असेंच त्यांस वाटत असे. म्हणजे ते वचनानें बांधलेले होते, मनानें नव्हे. हेन्री सॉल्टचें शाकाहारावरील पुस्तक वाचल्यावर त्यांचें मनच पालटलें. पुढें थोरल्या भावाच्या पैशावर आपण शिकतों आहों या जाणिवेनें त्यांनीं खर्च आंखडला, एका खोलींत राहून सकाळ-संध्याकाळचें जेवण स्वतः करूं लागले, आणि आत्मचरित्रांत दिलेल्या हिशेबाप्रमाणें रोजचा अन्नखर्च सव्वा शिलिंगावर आणून ठेवला. वचन, विचार आणि काटकसर अशा तीन निराळ्या वाटांनीं ते एकाच ताटाशीं येऊन पोंचले. या तिन्ही वाटांतील भेद त्यांनीं लपविला नाहीं. काटकसर ही करुणा आहे असें भासविलें नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, आपणहि तसें भासवूं नये.

परंतु काटकसर व करुणा यांची खरी सांगड कोणीं घातली असेल, तर ती आमच्या मतें लंडनमध्यें नव्हे, वऱ्हाडांत घातली गेली. आणि ती घालणारा पुरुष पुस्तकें वाचणारा नव्हता. डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजे पुढें सर्व महाराष्ट्राला ठाऊक झालेले गाडगेबाबा, यांचा जन्म १८७६ सालीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं परिटाच्या घरीं झाला. वडील दारूच्या पायीं गेले. पुढें मुलीच्या बारशाला भाऊबंदांनीं रूढीप्रमाणें दारू-मटणाचें जेवण मागितलें, तेव्हां डेबूजींनीं तें नाकारून गोडाचें जेवण घातलें, ही हकीकत त्यांच्या चरित्रांत प्रसिद्ध आहे. १९०५ सालीं त्यांनीं घर सोडलें, आणि १९५६ सालीं देह ठेवीपर्यंत गांवोगांव हातांत खराटा घेऊन आधीं गांव झाडलें व मग कीर्तन केलें. त्या कीर्तनांत दोन गोष्टी कधीं चुकत नसत: देवाच्या नांवानें बकरें-कोंबडें मारूं नका, आणि कर्ज काढून सण करूं नका.

या दोन उपदेशांचा सांधा कोठें आहे हें नीट पाहण्यासारखें आहे. नवसाचें बकरें सावकाराच्या पैशानें येत असे. बकऱ्याची मान एका क्षणांत कापली जाई. पण त्याच नवसापायीं शेतकऱ्याची मान पुढें कित्येक वर्षें सावकाराच्या वहींत अडकून पडे. गाडगेबाबांनीं हा दुहेरी वध ओळखला होता. त्यांची भूतदया बकऱ्यापाशीं थांबत नव्हती, आणि त्यांची काटकसर पेटीपाशीं थांबत नव्हती. जेवणाचें ताट नसेल तर हातावर भाकर घेऊन खा, पण पोराला शाळेंत घाला, असें ते सांगत. म्हणजे वांचलेला पैसा कोठें जावा तेंहि त्यांनीं सांगून ठेवलें होतें. स्वतः त्यांनीं लोकांच्या देणग्यांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथें धर्मशाळा उभ्या केल्या, आणि आपण मात्र फुटक्या गाडग्यांत मिळेल तें खाल्लें.

कांटच्या दुकानदाराला जो प्रश्न सुटत नव्हता, त्याची किल्ली आम्हांस येथें सांपडते. मनुष्याचा हेतु शुद्ध कीं स्वार्थी, हें त्याच्या अंतःकरणांत डोकावून कळणें दुर्घट आहे. त्याचें त्यालाहि तें पुष्कळदां कळत नाहीं. पण त्याच्या काटकसरीचा पैसा पुढें कोठें गेला, हें वहींत दिसतें. ज्या घरांत मांस-मासळी न आणल्यानें वांचलेला पैसा सोन्याच्या बांगडींत जातो, त्या घरानें शाकाहार अवश्य चालवावा, मात्र त्याला धर्म म्हणूं नये. ती एक चांगली संवय आहे एवढेंच म्हणावें.

आतां या हिशेबाची दुसरी बाजू पाहूं. ती अधिक अवघड आहे, आणि नरखेडसारख्या तालुक्यांत उभें राहिल्याशिवाय ती दिसतहि नाहीं. शाकाहार स्वस्त आहे असें आपण म्हणतों, तेव्हां तो कोणाच्या जिवावर स्वस्त आहे हें आपण विचारीत नाहीं. २०१५ सालीं तुरीची डाळ किरकोळ बाजारांत किलोला सुमारें २०० रुपयांवर गेली होती. त्या वेळीं शहरांत केवढा हाहाकार झाला तें वाचकांस आठवत असेल. वर्तमानपत्रांचे रकाने भरले, आणि वरणावांचून मध्यमवर्ग कसा जगणार याची चर्चा झाली. तो भाव पाहून पुढच्या हंगामांत शेतकऱ्यांनीं तुरीचा पेरा वाढविला, पाऊसहि बरा झाला, आणि पीक इतकें आलें कीं २०१६-१७ मध्यें सरकारचा हमीभाव बोनससह क्विंटलला ५०५० रुपये असतां बाजारांत तूर त्याच्या पुष्कळ खालीं विकली गेली. खरेदीकेंद्रांपुढें गाड्यांच्या रांगा लागल्या, पोत्यांना बारदाना पुरेना. शहरांत मात्र डाळ स्वस्त झाली, आणि ज्या घरांनीं आदल्या वर्षीं हळहळ केली होती त्यांनीं समाधानानें वर्षाची बेगमी भरली. कोणाचेंहि मन त्या समाधानांत खट्टू झालें नाहीं.

आमचा आक्षेप स्वस्त डाळ घेण्यास नाहीं. एकट्या कुटुंबानें बाजारभाव बदलत नाहीं, हें आम्हांस समजतें. आक्षेप आहे तो त्या डाळीबरोबर पुण्यहि फुकट घरीं आणण्याला. बकऱ्याच्या गळ्यावर सुरी फिरते ती डोळ्यांना दिसते, म्हणून तेथें करुणा चटकन् जागी होते. भावाची सुरी दिसत नाहीं. विदर्भांतील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा प्रश्न गेलीं पंचवीसाहून अधिक वर्षें देशापुढें उभा आहे. त्यांची कारणें अनेक आहेत, आणि केवळ तुरीच्या किंवा कापसाच्या भावाला सर्व दोष देणें अन्यायाचें होईल. पण ज्याच्या शेतांतून आपलें अहिंसक जेवण येतें त्याच्या जगण्या-मरण्याचा आपल्या अहिंसेशीं कांहींच संबंध नाहीं, असें म्हणण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं.

स्वस्त आणि शाकाहारी म्हणजे निर्दोष, हें समीकरण आणखीहि एका ठिकाणीं मोडतें. पूर्व विदर्भांत, भंडारा-गडचिरोलीकडे, धानाच्या बांध्यांत लाखोळीची डाळ होते. पाण्याची फारशी अपेक्षा न करतां ती उगवते, म्हणून ती गरिबाची डाळ. परंतु दुष्काळांत महिनोन्महिने तीच मुख्य अन्न झाली, तर तिच्यांतील विषारी द्रव्यानें पाय कायमचे लुळे पडतात, असें दिसून आलें होतें; याच कारणास्तव १९६१ सालीं देशांत तिच्या विक्रीवर बंदी घालण्यांत आली. थोड्या प्रमाणांत आणि इतर धान्यांच्या सोबतीनें खाणाऱ्यास ती बाधत नाहीं. बाधते ती ज्याला दुसरें कांहीं मिळत नाहीं त्याला. काटकसर मर्यादेपलीकडे ताणली कीं ती शरीरावर उतरते, याचें याहून ढळढळीत उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

आणि ती कोणाच्या शरीरावर उतरते? आपल्या घरांत ती बहुधा वाढणारीच्या शरीरावर उतरते. आहारशास्त्राच्या दृष्टीनें आपलें साधें जेवण मुळींच हलकें नाहीं. ज्वारी-गव्हांत जें प्रथिनांचें अंग उणें असतें तें डाळींत असतें, आणि डाळींत जें उणें तें धान्यांत. म्हणून भाकर आणि वरण एकत्र खाणारा मनुष्य नकळत शहाणपणाच करीत आला आहे. शंभर ग्रॅम तुरीच्या डाळींत सुमारें २२ ग्रॅम प्रथिनें असतात. पालेभाजींतील लोह शरीरास सहज घेतां येत नाहीं. पण जेवणाबरोबर संत्र्यासारखें आंबट फळ असेल तर तें पुष्कळ अधिक घेतां येतें. काटोल-नरखेडच्या बागांनीं तेवढी सोय जणूं जवळच करून ठेविली आहे, जरी तेथील चांगला माल टोपल्यांतून व पेट्यांतून परगांवींच जातो. पण हें सर्व पोषण ताटांत पडलें तर! आपल्याकडील जुनी वहिवाट अशी कीं, पुरुष व मुलें आधीं जेवावींत आणि घरच्या बाईनें उरलें तें खावें. पातेल्यांत वरण थोडें झालें कीं त्यांत पाणी पडतें, आणि तें पाणी तिच्या वांट्यास येतें. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकीं निम्म्याहून अधिक पंडुरोगी, म्हणजे रक्तांत हिमोग्लोबिन कमी असलेल्या, आढळल्या. हा दोष शाकाहाराचा नव्हे, कारण मांसाहारी घरांतहि शेवटचा तुकडा तिलाच मिळतो. दोष वांटणीचा आहे. तथापि ज्या कुटुंबांत आहाराचा नीतिविचार एवढ्या आवडीनें चालतो, तेथें पशूच्या दयेचा विचार स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं येऊन कां अडखळावा, हें कोडेंच आहे. बारावें ब जीवनसत्त्व वनस्पतींत मुळींच नसतें, दूध-दह्यांतून तें मिळतें. दूधहि परवडत नसेल त्यानें औषधादाखल तें घ्यावें, असें डॉक्टर सांगतात. यांत व्रतभंग नाहीं.

दुधाचें नांव निघालें म्हणून एक गोष्ट थोडक्यांत सांगून पुढें जाऊं. दुधासाठीं गाय-म्हैस व्यावी लागते, आणि जीं वासरें होतात त्यांतील निम्मे नर असतात. पूर्वीं गोऱ्ह्याचा बैल होई, औत ओढी, आणि पोळ्याच्या दिवशीं शिंगांना रंग लावून पुरणपोळी खाई. ट्रॅक्टर आल्यापासून त्याचें काम उणावलें. महाराष्ट्रांत १९७६ च्या कायद्यानें गोवध बंद होताच; १९९५ सालच्या दुरुस्ति-विधेयकाला २०१५ मध्यें राष्ट्रपतींची संमति मिळून बैल व वळू यांचाहि वध बंद झाला. थकलेल्या बैलाचा वैरणीचा खर्च आतां कोणीं सोसावा, या प्रश्नाला शहरांतील दूध पिणाऱ्या शाकाहाऱ्याचें उत्तर बहुतेक मौनाचें असतें. गांधीजींनीं १९१२ सालीं दूध सोडलें, आणि १९१८ मधील दीर्घ दुखण्यानंतर शेळीचें दूध घेतांना शपथेचा आत्मा आपण गमावला असें स्वतःच लिहून ठेवलें. तेवढी कठोर झडती प्रत्येकानें घ्यावी असें आम्ही म्हणत नाहीं, पण दुधाच्या पेल्यांत एक वासरूं आहे हें विसरूंहि नये.

सर्वांत नाजूक प्रश्न लहान मुलांचा आहे. २०२३ च्या नोव्हेंबरांत महाराष्ट्र शासनानें शाळेंतील पोषण आहारांत आठवड्यांतून एकदां अंडें देण्याचें ठरविलें. जीं मुलें अंडें खात नाहींत त्यांना केळें अथवा स्थानिक फळ. निर्णय वाजवी होता. कोणावर जबरदस्ती नव्हती. तरीहि त्यास विरोध झाला, आणि २०२५ च्या जानेवारींत अंड्यासाठींचा शासकीय निधि थांबवून तो भार लोकवर्गणीवर सोपविण्यांत आला. आम्ही शाकाहाराचे पक्षपाती आहों, हें येथवर वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. तरीहि या बाबतींत आमचें मत अंड्याच्या बाजूचें आहे. आपलें व्रत आपल्या ताटापुरतें. ज्या मुलाच्या घरीं अंडें खाल्लें जातें पण विकत आणवत नाहीं, त्याच्या ताटांतून तें काढून घेऊन आपण कोणता जीव वांचविला? वांचला तो पैसा. आणि दुसऱ्याच्या पोराच्या पोटांतून काढलेल्या पैशाला काटकसर हें नांव शोभत नाहीं.

याच अनुषंगानें शाकाहाराच्या अहंकाराबद्दलहि बोललें पाहिजे. आपल्या समाजांत कोण काय खातो यावरून कोण उंच व कोण नीच हें ठरविलें गेलें, आणि मेलेल्या ढोराचें मांस ज्यांच्यावर लादलें गेलें त्यांनाच तें खाल्ल्याबद्दल दूर लोटलें. आंबेडकरांनीं १९४८ सालीं प्रसिद्ध केलेल्या अस्पृश्यांविषयींच्या ग्रंथांत अस्पृश्यतेचें मूळ गोमांसाशीं जोडलें. त्यांच्या उपपत्तीबद्दल पंडितांत मतभेद असूं शकतील. परंतु आहारावरून माणसाला हीन लेखण्याची रीति आजहि गेली नाहीं, हें भाड्याचें घर शोधणाऱ्या कोणालाहि विचारावें. मांस खाणाऱ्यास घर न देणारा गृहस्थ मुंगीला साखर घालीत असेल. तथापि त्याच्या भूतदयेंतून मनुष्य हें भूत तेवढें वगळलेलें दिसतें.

मग शाकाहार करून पैसा वांचविणाऱ्या सज्जनानें करावें तरी काय, असा प्रश्न कोणी त्रासून विचारील. उत्तर फार मोठें नाहीं. डिसेंबरापासून फेब्रुवारीपर्यंत नवी तूर निघते, आणि साधारण त्याच सुमारास शहरांतलीं घरें वर्षाची डाळ भरण्याच्या विचारांत असतात. नागपूर कांहीं नरखेडहून दूर नाहीं, आगगाडी आहे. चार-दहा कुटुंबांनीं मिळून एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून तूर घेतली, तिला किमान हमीभाव दिला, जवळच्या गिरणींत डाळ करून आणली, तर दुकानाच्या डाळीहून ती महाग पडेलच असें नाहीं. मधला नफा उभयतांना वांटून घेतां येतो. पण एखाद्या वर्षीं, पीक अफाट येऊन बाजार कोसळला असतां, ती किलोमागें दहा-पंधरा रुपयांनीं महाग पडेल. त्या वर्षीं घरांत वाद होईल. दुकानांत स्वस्त मिळत असतां आपण कां जास्त द्यावे, असें कोणी तरी म्हणेल. म्हणणारा बहुधा तोच असेल, ज्यानें मटण सोडल्याचें आतांपर्यंत चारचौघांत अभिमानानें सांगितलेलें आहे. शेतकऱ्याचें पोतें दारांत उतरलेलें असेल, आणि तो पैशाची वाट पाहत ओट्यावर बसलेला असेल.